गुरुजी, व्हिसा मंदिर काढतं, एजंट नाही

पत्र लांबलचक होतं, कापून देतोय:

“काका नमस्कार. मी २८ वर्षांचा, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो, दहा वर्षं पौरोहित्य करतोय. आधी पाठशाळा, मग आपल्या संस्कृत महाविद्यालयात शिकलो. अमेरिकेतल्या एका मंदिराला मराठी-गुजराती दोन्ही येणारा पुजारी पाहिजे, तिथल्या कमिटीतल्या एका काकांनी व्हॉट्सॲपवर विचारलंय, दोन हजार डॉलर आणि राहायला खोली. इथले एक एजंट म्हणतात, गुरुजी, धार्मिक व्हिसात वर्ष जाईल, टुरिस्टवर जा, तिथे गेल्यावर कन्व्हर्ट करून देऊ, साडेतीन लाख, अर्धे आधी. इंटरव्ह्यूत सांगायचं मावसभावाकडे फिरायला चाललोय. बायको बालवाडीत शिकवते, तिलाही तिकडे नोकरी लागेल म्हणतात. मंदिरवाल्यांचं म्हणणं रविवारचं कँटीन आणि पावत्यांचं पण बघायचं. आई म्हणते अर्धे देऊन टाक, चान्स जाईल. काय करू?”

गुरुजी, वयाने तुम्ही माझ्या पुतण्याएवढे, पण गुरुजींना अरे-तुरे करायची आमच्याकडे पद्धत नाही म्हणून अहो-जाहोच करतो. पहिलं म्हणजे पैसे देऊ नका. अर्धे पण नाही, टोकन पण नाही. आईंना माझं नाव सांगा, ओरडल्या तर मला ओरडू देत.

मी एकोणीस वर्षं अलकापुरीतल्या एका ऑफिसात हेच फॉर्म भरलेत, तेव्हा “तिथे गेल्यावर कन्व्हर्ट” हे वाक्य मला पाठ आहे, मी स्वतः पण एका जणाला ते ऐकवलंय आणि त्याची लाज अजून आहे. एक कीर्तनकार बुवा होते, भला माणूस, आवाज असा की मांडवीतून बोलले तर सूरसागरला ऐकू जावं. टुरिस्ट व्हिसा होताच त्यांच्याकडे, आम्ही म्हटलं जा की, कोण विचारतंय. तिकडच्या एअरपोर्टवर साहेबाने बॅग उघडली, त्यात चिपळ्या, सोवळं, दोन फेटे, तिथपर्यंत ठीक. मग फोन मागितला. फोनमध्ये मंदिराने पाठवलेला रंगीत फ्लायर, वर बुवांचा फोटो, खाली सत्यनारायण १५१ डॉलर, वास्तुशांत ३५१, बुकिंगसाठी संपर्क. बुवा म्हणत होते फिरायला आलोय आणि साहेब तो फ्लायर मोठा करून करून बघत होता. त्याच रात्री परत पाठवलं, वर पाच वर्षं प्रवेश बंद. नशीब समजा की पाचच वर्षं, कारण व्हिसा मिळवायला खोटं बोलल्याचा शिक्का बसला तर अमेरिकेच्या कायद्यात त्याला मुदतच नाही, कायमचा बसतो आणि तो काढायला वेगळी माफी मागत फिरावं लागतं. तुमचे एजंट तुम्हाला जे मावसभावाचं वाक्य शिकवतायत ना, ते हेच.

कन्व्हर्ट करता येतच नाही असं नाही हं, व्हिजिटर म्हणून गेलेल्याचं स्टेटस बदलायची सोय कायद्यात आहे, एजंट त्या अर्ध्या खऱ्यावरच धंदा करतात. पण मनात आधीपासून नोकरी ठरलेली आणि व्हिसाच्या खिडकीवर सांगितलं फिरायला, तर तो खोटेपणा झाला, आणि स्टेटस बदलून मिळेपर्यंत तुम्ही मंदिरात पगारी घंटा जरी वाजवलीत तरी ते बेकायदा काम.

तुमचा रस्ता आहे आर-१, म्हणजे अमेरिकेचा धार्मिक कामाचा व्हिसा. आता हे नीट ऐका, कारण इथेच सगळे गल्लत करतात. आर-१ चा पहिला अर्ज तुम्ही करतच नाही, मंदिर करतं. आय-१२९ नावाचा फॉर्म, त्याला आरची पुरवणी, त्यात मंदिराने सही करून लिहून द्यायचं की आम्ही खरी धार्मिक संस्था आहोत, याला हे काम देणार, इतका पगार देणार. सोबत ५०१ सी ३ चं पत्र, म्हणजे तिकडच्या इन्कम टॅक्स खात्याने ना-नफा संस्था म्हणून दिलेली मान्यता. फी पण मंदिराची, २०२४ च्या दरपत्रकात ना-नफा संस्थांना ५१० डॉलर आहे. बघा, ५१० डॉलर म्हणजे किती होतात आणि साडेतीन लाख किती होतात, बाकीचे कुठे जातात ते एजंटला विचारायचं धाडस झालं तर मला कळवा.

अर्ज गेला की पावती येते, तिच्यावर १३ अक्षरांचा नंबर असतो, आधी तीन इंग्रजी अक्षरं मग दहा आकडे. हा नंबर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर टाकला की केस कुठपर्यंत आली ते फुकट दिसतं. म्हणून कोणी म्हणालं “अप्रूव्हल आलंय, पैसे पाठवा”, तर एकच उत्तर, नंबर पाठवा. नंबर द्यायला जो का-कू करेल त्याच्याकडे नंबर नसतो. आणि मंजुरी द्यायच्या आधी इमिग्रेशन खात्याचा माणूस मंदिरात प्रत्यक्ष येऊन बघू शकतो, खरंच देऊळ आहे का, पुजाऱ्याची खोली कुठे, हिशोब कुठे. ज्या मंदिराची अशी तपासणी आधी पास झालेली असते त्यालाच जास्तीची फी भरून १५ कामाच्या दिवसांत निकाल मागता येतो, बाकीच्यांना रांगेत थांबायचं. तेव्हा कमिटीवाल्या काकांना पहिला प्रश्न हाच विचारा, तुमच्याकडे आधी कोणी गुरुजी आर-१ वर आलेत का, साइट व्हिजिट झालीये का. झाली असेल तर तुमचं अर्धं टेन्शन गेलं. एजंटचं “वर्ष जाईल” हे प्रत्येकाला लागू होतंच असं नाही.

तुमच्या बाजूने काय लागतं? मुख्य अट अशी की मंदिराने अर्ज करायच्या लगेच आधीची निदान दोन वर्षं तुम्ही त्याच संप्रदायाचे सभासद असायला हवेत. आपल्या लोकांना हे वाचून घाम फुटतो कारण आपण कुठे सभासद असतो, आपल्याकडे देवळात नाव कोण नोंदवतं. पण तुम्ही दहा वर्षं पूजा करताय, ज्या देवळात जाता तिथल्या ट्रस्टच्या लेटरहेडवर पत्र घ्या, कधीपासून येता, कुठल्या उत्सवात काय करता, आणि पाठशाळेचं किंवा तुमच्या गुरूंचं पत्र घ्या की याने अमुक शाखेचं इतकं शिक्षण घेतलंय, हा याज्ञिक करायला लायक आहे. तारखा लिहायला लावा, “अनेक वर्षांपासून परिचित” असलं मोघम पत्र काही कामाचं नाही, आणि आपले विश्वस्त अगदी तसंच पत्र देतात, वर शुभाशीर्वाद.

बडोद्याच्या गुरुजींना कागदाची नवलाई असायचं खरं तर कारणच नाही, सयाजीराव महाराजांनी १९१५ सालीच पुरोहितांचा कायदा करून परीक्षा आणि परवाना लावला होता, तेव्हा किती बोंब झाली असेल विचार करा. आज अमेरिकेचा साहेब तेच मागतोय, शिकलायस कुठे, दाखव.

दक्षिणेचं मात्र तुम्हाला वाटतं तेवढं भारी नाही. पाकिटातली दक्षिणा, हिशोब लाल डायरीत, रिटर्न भरलेलं नाही, ही तुम्ही पत्रात मांडलेली काळजी मी वर कापलीये कारण जगजाहीर कशाला. आर-१ ला मागच्या दोन वर्षांची सभासदी बघतात, दोन वर्षांची नोकरी दाखवायची अट नाही. ती अट ग्रीन कार्डच्या वेळी येते. तरी या वर्षीपासून रिटर्न भरायला लागा बाबा, खिडकीवर “काय कमावतोस” विचारलं तर बोलायला काहीतरी पाहिजे ना.

प्रमाणपत्रं संस्कृत, मराठी, गुजराती जी असतील त्यांचं इंग्रजी भाषांतर लागेल, खाली भाषांतर करणाऱ्याने लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण आणि बरोबर आहे, सही, तारीख. बस. इमिग्रेशन खात्याला नोटरी लागत नाही. तुमच्याच महाविद्यालयातले कोणी सर करून देतील, नोटरीच्या नावाखाली पानामागे पाचशे घेणारे बरेच बसलेत. आणि नाव तपासा, पासपोर्टवर एक, प्रमाणपत्रावर पुढे “शास्त्री” लावलेलं, लग्नाच्या दाखल्यात तिसरंच, ही गुरुजी लोकांची खास खोड आहे.

आता कँटीन. इथे मला खरी भीती वाटतेय. पुजारी म्हणून आर-१ मागायचा तर काम फक्त पुजाऱ्याचं असावं लागतं, त्याला चिकटून येणारं थोडंफार ऑफिसचं चालतं. सफाई, देखभाल, कारकुनी, देणगी गोळा करणं असली कामं धार्मिक नोकरीत धरतच नाहीत. देवाचा नैवेद्य तुम्ही सोवळ्यात शिजवलात तर ती पूजाच आहे, पण दर रविवारी तीनशे माणसांचं पोहे-इडली काढणं ही काही उपासना नाही, कितीही भक्तिभावाने केलं तरी. तुमच्या पूजेची पावती तुम्ही फाडलीत, ठीक. रोज संध्याकाळी बसून अख्ख्या देवळाचा गल्ला जुळवायचा, नाही. तेव्हा मंदिराला सांगा की कामाची यादी लिहून पाठवा, काकड आरती किती वाजता, अभिषेक, संस्कार वर्ग, घरच्या पूजा, आठवड्याचे तास किती. आर-१ ला आठवड्याला सरासरी २० तास तरी लागतातच. मला माहितीये की तिकडे गेल्यावर कोणी गुरुजी हात बांधून बसत नाही, भंडाऱ्याला सगळेच पानं मांडतात. पण कागदावर एक आणि खरं काम दुसरं असं ठरवूनच बोलावत असतील तर नका जाऊ.

पगाराचं पण लेखी घ्या. एच-वन या नोकरीच्या व्हिसावाल्यांना जसा ठरलेला किमान पगार असतो तसा आर-१ ला नाही, मंदिराने काय कबूल केलं आणि ते देऊ शकतं का एवढंच बघतात, खोली-जेवण पण मोबदल्यात धरता येतं. म्हणून दोन हजार हातात की खोलीचे कापून, आजारी पडलात तर विमा कोणाचा, सुट्टी कधी, यायचं-जायचं तिकीट कोण देणार, सगळं. आणि घरोघरच्या पूजांची दक्षिणा कोणाची, हा प्रश्न तर लाजू नका, तोंडावर विचारा, कारण तुम्हाला काम फक्त त्या मंदिरासाठीच करायची परवानगी आहे. मंदिराने पाठवलं, पावती मंदिराची, तर ठीक. पण शनिवारी गुपचूप कोणाकडे वास्तुशांत करून पाकीट खिशात घातलंत तर बडोद्यात तो व्यवहार आहे, तिकडे ते परवानगीशिवाय काम आहे. दुसऱ्या मंदिराने बोलावलं तर त्यांनी वेगळा आय-१२९ भरायचा आणि तो मंजूर झाल्यावरच तिथे उभं राहायचं.

पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका. “सेफमध्ये ठेवतो” म्हणतील. २०२१ साली न्यू जर्सीत एका मोठ्या मंदिराच्या कामावरच्या कारागिरांनी कोर्टात दावा लावला होता, आर-१ वर आणलं, दगडकाम करून घेतलं, पासपोर्ट काढून घेतले, पगार नगण्य दिला, असे आरोप होते. संस्थेने ते नाकारले आणि कोण खरं कोण खोटं यात मी पडत नाही, पण गोष्ट ध्यानात ठेवायची ती अशी की धाकात ठेवून काम करून घ्यायला दुसऱ्याचा पासपोर्ट दाबून ठेवणं तिकडे गुन्हा आहे, आणि तसं काही झालंच तर मदतीचा फोन १-८८८-३७३-७८८८ आहे, नाव न सांगता बोलता येतं. वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नको, फोन पण काढून घेतात.

अजून एक कोणी सांगत नाही ते. नोकरी सुटली तर एच-वनवाल्यांना दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात ते तुम्हाला नाहीत, आणि मंदिराने १४ दिवसांत सरकारला कळवायचं असतं की हा गेला. म्हणजे कमिटीत भांडणं असली, आणि कमिटीत भांडणं असतातच, मराठी माणसं चार जमली की पाच गट, तर त्यात तुमचा बळी आधी. तिथल्या आधीच्या गुरुजींचा नंबर मागा आणि त्यांच्याशी एकट्याशी बोला. ते का गेले हे कमिटी सांगणार नाही.

वहिनींसाठी आर-२ असतो, मुलं २१ च्या आतली असतील तर त्यांनाही तोच. शिकता येतं, नोकरी करता येत नाही, एक तास पण नाही. “तिलाही लागेल” हे साफ खोटं आहे. दोन हजारात दोघांचं तिकडे कसं भागेल ते तुम्ही दोघं बसून हिशोब करा, माझं मत विचाराल तर पहिले सहा-आठ महिने एकट्याने जा, बालवाडीची नोकरी तिने सोडू नये. लग्नाचं रजिस्ट्रेशन केलं नसेल तर आधी महापालिकेत जाऊन ते करा, पत्रिका आणि अल्बम तिकडे पुरत नाहीत. पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० महिने मिळतात, पुढे अजून ३०, एकूण पाच वर्षं.

मंजुरीचा कागद आला की मग तुमचं काम, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, फी २०५ डॉलर, आणि मुंबई. त्या फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात, तुमचं ते “घरबसल्या ऑनलाइन पूजा” वालं इन्स्टाचं पान पण. लपवू नका, उलट तोच पुरावा आहे की तुम्ही खरंच पौरोहित्य करता. फक्त मावसभावाकडे फिरायला चाललोय म्हणणाऱ्या माणसाला ते पान अडचणीचं असतं.

बोटांचे ठसे आणि फोटो एका दिवशी वेगळ्या सेंटरला, इंटरव्ह्यू बीकेसीत कॉन्सुलेटला. मोबाइल, बॅग आत नेऊ देत नाहीत, तेव्हा कोणाला तरी बरोबर न्या, बाहेर सामान सांभाळायचे पण पैसे घेतात. इंटरव्ह्यू मराठीत देता येतो, गुजरातीत पण. मोडक्या इंग्रजीत अडखळण्यापेक्षा सरळ सांगा मराठीत बोलतो. मंदिरात मुख्य देव कोण, पुजारी किती, पगार कोण देणार, दिवसभर काय करणार, असलंच विचारतात, एखाद्याला मंत्र म्हणायला लावल्याचं पण ऐकलंय. तुम्हाला काय, तुम्ही पुरुषसूक्त सुरू केलंत तर तेच म्हणतील पुरे. पोपटपंची करू नका एवढंच, एजंटकडे पाठ केलेलं उत्तर दोन वाक्यांत ओळखू येतं.

समजा तुम्हाला नोकरी नकोच आहे, नुसतं गावोगाव प्रवचनं करत फिरायचंय, तर बी-१ मध्ये, म्हणजे कामानिमित्त थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांच्या व्हिजिटर व्हिसात, त्याची सोय आहे, पण तेच कारण खिडकीवर खरं खरं सांगून. अट अशी की कुठल्याही एका मंदिराची नोकरी धरायची नाही, पगार घ्यायचा नाही, त्या त्या कार्यक्रमात लोकांनी वाहिलेल्यावर भागवायचं. आमच्या बुवांना आम्ही हे तेव्हा सांगायला हवं होतं. दर लावलेला फ्लायर यात पण बसत नाही.

लंडनचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. तिकडे २०१९ पासून पूजा चालवणाऱ्या पुजाऱ्याला मिनिस्टर ऑफ रिलिजनच्याच रस्त्याने जावं लागतं आणि त्याला इंग्रजीची परीक्षा बी-टू लेव्हलची आहे, म्हणजे बोलणं, वाचणं, लिहिणं सगळं बऱ्यापैकी. सहा महिन्यांवर राहायचं तर टीबीची टेस्ट पण. तुमचं पत्र बघता आत्ता नाही, एक वर्ष क्लास लावा मग बघू.

आता आज संध्याकाळी एवढं करा, कमिटीवाल्या काकांना मेसेज टाका की आय-१२९ तुम्ही भरणार का, वकील कोण, आधी कोणी आर-१ वर आलंय का, कामाची यादी आणि पगार लेटरहेडवर पाठवता का. “हो हो, बघू” आलं तर समजा त्यांना फुकटात टुरिस्ट गुरुजी पाहिजे आणि एजंट त्यांचाच असायची पण शक्यता आहे. लेटरहेड आलं तर मला दाखवा, रविवारी सकाळी मी खंडेराव मार्केटकडे असतो, सेव-उसळ तुमच्याकडून.

आणि हो, सामान. सगळं जमून आलं तरी बॅगेत गोमूत्र, पंचगव्य, समिधा, दर्भाच्या जुड्या कोंबू नका. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या एअरपोर्टवर भारतातून आलेल्या एका बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या होत्या, त्यांनी त्या नष्ट केल्या, जनावरांच्या खुरकुताच्या भीतीने. पळी-पंचपात्र, ताम्हण, घंटा, जानवी बिनधास्त न्या, पोथ्या हातातल्या बॅगेत.